एका मॅचची टीम: आधी गोष्ट, मग खेळाडू

माझा भाचा एमएस करायला न्यू जर्सीत आला, तेव्हा सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी रात्री सोफ्यावर शेजारी बसून त्याने फोन पुढे केला. "मावशी, माझी टीम बघ ना, बरोबर लावलीय का?" ही अमेरिकन फुटबॉलची फॅन्टसी टीम: खऱ्या मॅचमधले खेळाडू आपण ॲपवर निवडायचे आणि ते मैदानावर जे करतील त्याचे पॉइंट्स आपल्याला मिळतात. भारतात असताना तो क्रिकेटच्या टीम लावायचा, त्यामुळे हात बसलेला होता. दोन्ही संघांतले सगळ्यात महागडे खेळाडू त्याने आधी उचलले होते आणि उरलेल्या पैशांत दोन स्वस्तातले बसवले होते. त्यात दोन्ही क्वार्टरबॅक (बॉल फेकणारे मुख्य खेळाडू) होते आणि त्यातल्याच एकाच्या समोरची डिफेन्सही (बचाव करणारी अख्खी फळी, ती एकच खेळाडू धरतात) होती.

मी विचारलं, "ही मॅच कशी होईल असं तुला वाटतं?"

"म्हणजे?"

त्या "म्हणजे?"चं उत्तर त्या रात्री मी नीट देऊ शकले नाही, कारण किकऑफला, म्हणजे मॅच सुरू व्हायला, वीस मिनिटं राहिली होती. ते आता सविस्तर लिहिते आहे. एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, एका मॅचची टीम लावताना सहा चांगले खेळाडू निवडायचे नसतात. मॅचची एक गोष्ट निवडायची असते आणि त्या गोष्टीत एकत्र पॉइंट्स मिळवतील असे सहा जण घ्यायचे असतात.

आधी नियम. मी ड्राफ्टकिंग्ज या ॲपवर "शोडाउन" (एकाच मॅचची टीम) खेळते, म्हणून त्याचेच सांगते. ५०,००० डॉलरची खोटी सॅलरी मिळते आणि त्यात सहा जण बसवायचे: एक कॅप्टन, पाच फ्लेक्स, म्हणजे साधे. कोण कुठल्या जागेवर खेळतो याचं बंधन नाही. किकर (लाथेने गोल मारणारा) चालतो, डिफेन्स चालते, दोन क्वार्टरबॅकही चालतात. दोन्ही संघांतला किमान एकेक हवा. कॅप्टनचे पॉइंट्स दीडपट होतात, पण त्याची किंमतही दीडपट लागते. टचडाउन म्हणजे बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं. पासिंग टचडाउनला, म्हणजे तो पास फेकणाऱ्याला, ४ पॉइंट्स, धावून किंवा कॅच घेऊन केलेल्या टचडाउनला ६. प्रत्येक कॅचला १. धावण्याच्या आणि कॅचच्या दर १० यार्डांना १, पासिंगच्या दर २५ यार्डांना १. पासिंगचे ३०० यार्ड झाले किंवा धावण्याचे वा कॅचचे १०० झाले की वर ३ चा बोनस.

या आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे. क्वार्टरबॅकने टचडाउन फेकला की त्याला ४ मिळतात, पण तोच बॉल पकडणाऱ्याला ६, कॅचचा १ आणि यार्डांचे वेगळे. म्हणजे क्वार्टरबॅकचा दिवस चांगला गेला, तर त्याच्या एखाद्या रिसीव्हरचा त्याहून चांगला गेलेला असण्याची शक्यता बरीच असते. स्वतः बॉल घेऊन धावणारा क्वार्टरबॅक मात्र याला अपवाद, कारण धावून केलेल्या टचडाउनचे सहाच्या सहा त्याचेच.

आता माझी पद्धत. मॅचच्या आदल्या रात्री मी आधी बेटिंग लाइन (सट्टा घेणाऱ्यांनी लावलेला मॅचचा अंदाज) बघते. बेट लावायला नाही, मॅचचा अंदाज घ्यायला. समजा दोघांचे मिळून ४७ गुण होतील असा आकडा आहे आणि यजमान ५ ने पुढे धरलेत. ४७ मध्ये ५ मिळवा, दोनने भागा: यजमान २६, पाहुणे २१. आता चारेक टचडाउनच्या आसपास यजमानांचे आणि तीन पाहुण्यांचे, असं चित्र डोळ्यासमोर येतं. मग वहीत एक वाक्य लिहिते. एकच, पण पूर्ण. "पाहुणे पहिल्या हाफमध्ये धावून धावून पुढे जातात, यजमानांचा क्वार्टरबॅक तिसऱ्या क्वार्टरपासून फेकत सुटतो." हे वाक्य खरं ठरेल की नाही, हा प्रश्न इथे नाही. ते खरं ठरलं तर पॉइंट्स कुणाकडे जातील, एवढंच बघायचं.

या वाक्यातून टीम अशी निघते. किंमती माझ्या मनच्या आहेत, पण साधारण अशाच असतात. यजमानांचा मुख्य रिसीव्हर फ्लेक्सला ९,००० चा, तो कॅप्टन केला म्हणजे १३,५००. त्याचा क्वार्टरबॅक १०,६००. दुसरा रिसीव्हर ७,४००. संघ मागे पडून फेकायला लागला की तिसरा रिसीव्हरही मैदानावर जास्त राहतो, तो ३,४०० ला. समोरून पाहुण्यांचा रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा) ८,८००, कारण सुरुवातीची आघाडी त्यानेच घेऊन दिलेली आहे. आणि पाहुण्यांचा किकर ४,८००, कारण आघाडी सांभाळणारा संघ शेवटी शेवटी फील्ड गोलवर (लाथेने मारलेल्या गोलवर) समाधान मानतो. बेरीज ४८,५००. एका संघाचे चार, दुसऱ्याचे दोन, आणि सहाही जण एकाच वाक्यातले.

भाच्याने लगेच विचारलं, "मावशी, दीड हजार उरलेत, त्यात किकरऐवजी कुणी भारी बसवू का?" नाही. मुद्दाम ठेवलेत. मोठ्या कॉन्टेस्टमध्ये हजारो लोक हेच पन्नास-साठ खेळाडू बघून टीम लावतात आणि जवळजवळ सगळे शेवटचा डॉलर खर्च करतात. त्यामुळे अगदी तीच टीम शंभर-दोनशे जणांची निघते. ती पहिली आली, तर पहिल्यापासून दोनशेव्यापर्यंतची बक्षिसं एकत्र करून सगळ्यांत सारखी वाटली जातात. नुसत्या पहिल्या बक्षिसाचे एक लाख डॉलर दोनशे जणांत वाटले तर माणशी पाचशेच येतात. हजार-दोन हजार शिल्लक ठेवणारे कमी असतात, म्हणून तशी टीम एकटी राहते. वीस-पंचवीस जणांच्या छोट्या कॉन्टेस्टमध्ये याची काळजी करू नका. तिथे सरळ चांगली टीम लावा.

कॅप्टन निवडताना लोक अडतात, म्हणून तिथे थोडं थांबते. कॅप्टन केल्याने तुम्हाला जास्तीचे मिळतात ते त्याचे निम्मेच पॉइंट्स, आणि त्यासाठी भरावी लागते त्याची निम्मी किंमत. फेब्रुवारी २०२४ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, घ्या, चीफ्सने फोर्टीनाइनर्सना ओव्हरटाइममध्ये २५-२२ हरवलं तो. चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्स याने ३३३ यार्ड फेकले, दोन टचडाउन, एक इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेला पास), वर ६६ यार्ड धावला. कागद घेऊन बेरीज केली की २९.९२ येतात. फोर्टीनाइनर्सचा रनिंग बॅक मॅककॅफ्री याचे धावून ८०, कॅचचे ८०, आठ कॅच, एक टचडाउन, एक फंबल (हातून सुटलेला बॉल): बरोबर २९. दोघांपैकी कुणालाही कॅप्टन करा, फरक अर्ध्या पॉइंटचाही नाही. त्या रात्री निकाल लागला तो उरलेल्या पैशांत तुम्ही कुणाला बसवलंत यावर. मी किकर सोडून फोर्टीनाइनर्सच्या किटलला घेतलं होतं. दोन कॅच, चार यार्ड, २.४ पॉइंट्स. आणि चीफ्सचा किकर बटकर याने ५७ यार्डांचा फील्ड गोल मारून एकूण १५ मिळवले, समोरच्या मूडीने १४. पन्नासच्या पुढच्या फील्ड गोलला ५ पॉइंट्स असतात, चाळीस ते एकोणपन्नासला ४, त्याच्या आतल्याला ३. तेव्हापासून कमी गुणांची मॅच दिसली की किकरचं नाव मी आधी लिहिते.

त्याच रात्री फोर्टीनाइनर्सचा रिसीव्हर जॉवान जेनिंग्स याने एक टचडाउन पकडला आणि एक चक्क फेकलाही. असे स्वस्तातले खेळाडू शोडाउन जिंकून देतात, पण ते आंधळेपणाने शोधायचे नसतात. मी दोनच गोष्टी बघते: मागच्या तीन-चार मॅचमध्ये तो किती स्नॅप, म्हणजे किती खेळींना, मैदानावर होता, आणि त्याच्याकडे किती वेळा बॉल फेकला गेला. मागच्या आठवड्यात एकाच कॅचवर टचडाउन झाला म्हणून कुणाला घेऊ नका. चाळीस स्नॅप खेळून रिकाम्या हाताने परतलेला मला त्याच्याहून जास्त आवडतो. पुढच्या मॅचलाही तो मैदानावर असणार, आणि किंमत मात्र पडलेली असते.

पुढच्या वर्षीच्या, म्हणजे फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलने मला दुसरा धडा दिला. हाफटाइमला ईगल्स चीफ्सच्या २४-० पुढे होते, शेवटी ४०-२२. ईगल्सच्या डिफेन्सने सहा सॅक केले (बॉल फेकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडलं), दोन इंटरसेप्शन घेतले, एक फंबल उचलला, आणि कूपर डिजीनने त्यातलाच एक इंटरसेप्शन परत टचडाउनला नेला. डिफेन्सचे १८ पॉइंट्स झाले. आता सांगा, त्या रात्री सगळ्यात जास्त पॉइंट्स कुणाचे असतील? हरलेल्या संघाच्या झेव्हियर वर्दीचे. आठ कॅच, १५७ यार्ड, दोन टचडाउन, बोनस धरून ३८.७. मॅच हातातून गेल्यावर चीफ्सकडे फेकण्याशिवाय काही उरलं नव्हतं, आणि ते दोन्ही टचडाउन त्यानंतरचे. ईगल्सचा क्वार्टरबॅक हर्ट्स मॅचचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) होता, तो २९ वर थांबला.

म्हणून "एकतर्फी मॅच" असं वाक्य लिहिलंत तरी जिंकणाऱ्याचे पाच आणि हरणाऱ्याचा एक, असं लावताना तो एक जण विचार करून निवडा. तो रनिंग बॅक नको. मागे पडलेला संघ धावत नाही. शेवटच्या क्वार्टरमध्ये बॉल ज्याच्याकडे येणार तो रिसीव्हर हवा.

एकमेकांत भांडणारे खेळाडू कुठले, हेही ओघाने येतं. डिफेन्स घेतली की समोरचा क्वार्टरबॅक शक्यतो नको. त्याचा प्रत्येक टचडाउन तुमच्या डिफेन्सचे पॉइंट्स खातो. एकाच संघाचे दोन रनिंग बॅक एकमेकांचे घास काढतात. रिसीव्हर कॅप्टन असेल तर त्याचा क्वार्टरबॅक जवळजवळ नेहमीच हवा, कारण त्याला बॉल दुसरं कोण देणार? डिफेन्स, रनिंग बॅक आणि किकर, तिघं एकाच संघाचे, हे मात्र गुण्यागोविंदाने नांदतात: पुढे असलेला, घड्याळ खाणारा संघ.

हवामान एकदा बघा. पावसाने आणि थंडीने लोक उगाच घाबरतात. घाबरायचं ते वाऱ्याला. जोराचा वारा असला की लांब पास आणि लांबचे फील्ड गोल दोन्ही जातात. मैदान छताखाली असेल तर हा विषयच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास. किकऑफच्या ९० मिनिटं आधी दोन्ही संघ न खेळणाऱ्यांची यादी जाहीर करतात. गुरुवारची मॅच आमच्याकडे ८:१५ ला असते, म्हणजे यादी ६:४५ ला. त्या वेळी मी ऑफिसमधून घरी येणाऱ्या ट्रेनमध्ये असते. दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी मी ट्रेनमध्ये झोपले, घरी येऊन पोळ्या केल्या, आणि ८:२० ला टीव्ही लावल्यावर कळलं की माझा ७,८०० चा रनिंग बॅक साध्या कपड्यांत बाजूला उभा आहे. एकाच मॅचची कॉन्टेस्ट किकऑफला पूर्ण लॉक होते. नंतर बदलता येत नाही. तीन तास मी पाच जणांच्या टीमने मॅच बघितली.

आता ६:४० चा गजर लावलेला असतो. यादी आली की मी नुसतं माझ्या सहा जणांचं नाव शोधत नाही. किंमती आधीच ठरलेल्या असतात, त्या आता वाढत नाहीत. मुख्य रनिंग बॅक बसला तर त्याचा बदली खेळाडू २,००० ला तसाच पडून असतो आणि आज पंधरा वेळा बॉल त्याच्याच हातात जाणार असतो. अर्थात तो सगळ्यांनाच दिसतो. त्याला घ्या, पण त्याच्यामुळे सुटलेले पैसे सगळे जिथे घालतील तिथे घालू नका. वहीतलं वाक्य पुन्हा वाचा, आणि गरज असेल तर वाक्यच नवीन लिहा. एक खेळाडू बदलून बाकी पाच तसेच ठेवले की टीममध्ये दोन गोष्टी घुसतात आणि दोन्ही अर्धवट राहतात.

पैशांचं सरळ सांगते. मी आठवड्याला वीस डॉलर बाजूला काढते, हरले तर पुढच्या आठवड्यापर्यंत ॲप उघडत नाही. ज्या कॉन्टेस्टमध्ये एकाला १५० टीम लावता येतात तिथे तीन टीम घेऊन जाऊ नका. "सिंगल एंट्री" लिहिलेली शोधा, तिथे प्रत्येकाची एकच टीम असते. तुमच्या राज्यात हे चालतं का आणि वयाची अट काय, तेही आधी बघा. वॉशिंग्टन राज्यात पैसे लावून खेळता येत नाही, मॅसॅच्युसेट्सला २१ पूर्ण लागतात. भारतात २०२५ च्या कायद्यानंतर पैसे लावून खेळायचे असे खेळ बंदच आहेत. तिकडच्यांना टीम लावण्याचीच मजा हवी असेल, तर मित्रांत कागदावर खेळा, हिशोब वर दिलाच आहे.

लॉक झाल्यावर सगळ्यांच्या टीम दिसायला लागतात. मॅच संपली की झोपायच्या आधी पहिल्या आलेल्याची टीम उघडा आणि त्याने कुठलं वाक्य लिहिलं असेल ते वहीत तुमच्या वाक्याखाली लिहा. भाच्याने हे नोव्हेंबरपासून सुरू केलं. आता गुरुवारी तो फोन पुढे करत नाही, आधी वही काढतो.