इलेक्ट्रिशियन ट्रेडला नवीन आलाय? व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅटचं गणित असं धरा

आयटीआयला नवीन आलेली पोरं हमखास विचारतात की दादा, सूत्रं किती पाठ करायची. माझं म्हणणं दोनच. व्ही बरोबर आय गुणिले आर, आणि पी बरोबर व्ही गुणिले आय. व्ही म्हणजे व्होल्टेज (व्होल्टमध्ये), आय म्हणजे करंट (अँपिअरमध्ये), आर म्हणजे रेझिस्टन्स (ओहममध्ये) आणि पी म्हणजे पॉवर (वॅटमध्ये). वर्कशॉपच्या भिंतीवर ती गोल चकती लावलेली असते ना बारा सूत्रांची, ती सगळी ह्या दोघांतूनच निघतात, करंटच्या जागी व्ही भागिले आर टाकलं की पी बरोबर व्ही वर्ग भागिले आर, आणि व्होल्टेजच्या जागी आय गुणिले आर टाकलं की आय वर्ग आर. एकदा वहीत स्वतः काढून बघा, मग चकतीकडे बघायची गरज पडत नाही.

खरी गंमत पुढे आहे. सूत्र सगळ्यांना येतं, पण हातातला आकडा कधी मोजलाय, गरम असताना का थंड, चालू असताना का बंद, हे कोणी बघत नाही आणि तिथंच सगळं चुकतं.

गीझर घ्या. नेमप्लेटवर २३० व्होल्ट, २००० वॅट. करंट आला २००० भागिले २३०, म्हणजे ८.७ अँपिअर, म्हणून त्याला १६ अँपिअरचा पॉवर प्लग लागतो, साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालत नाही. रेझिस्टन्स २३० भागिले ८.७, साधारण २६.४ ओहम. आता प्लग काढून मल्टीमीटर ओहमवर ठेवून फेज-न्यूट्रलच्या पिनांवर लावा, मीटर त्याच्याच आसपास दाखवेल. पण आतलं पाणी गरम असेल तर थर्मोस्टॅट (पाणी तापलं की आपोआप बंद होणारा स्विच) कट झालेला असतो आणि मीटर ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं दाखवतो, लगेच कस्टमरला एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) गेलं म्हणून सांगू नका.

हेच १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बला करून बघा. गणिताने येतो ५२९ ओहम, आणि मीटर दाखवतो चाळीसच्या आसपास! मीटर खराब नाही हो. टंगस्टनची फिलामेंट थंड असताना रेझिस्टन्स खूप कमी असतो, पेटल्यावर दोन-अडीच हजार डिग्रीला जाते तेव्हा तो वाढतो. बटण दाबलं की पहिल्या क्षणाला करंटचा झटका बसतो, म्हणूनच बल्ब बहुतेक वेळा लावतानाच उडतो. गीझरच्या एलिमेंटमध्ये नायक्रोम (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) असतं, त्याचा रेझिस्टन्स गरम होऊनही फारसा बदलत नाही म्हणून तिथं गणित जुळतं.

आता गावाकडं संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं तेव्हा काय? बरीच पोरं म्हणतात २००० वॅटचा गीझर म्हणजे २००० वॅटच खाणार. नाही. रेझिस्टन्स तोच राहतो, म्हणून १८० चा वर्ग भागिले २६.४, साधारण १२२५ वॅट. करंटही ६.८ वर येतो आणि पाणी तापायला वेळ लागतो. बोअरच्या मोटरचं मात्र उलटं, तिला पाणी तेवढंच उचलायचं असतं म्हणून व्होल्टेज पडलं की ती करंट जास्त ओढते, तापते आणि वायंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळतं. मोटरचं वायंडिंग ओहमवर मोजून २३० ला त्याने भागलं तर चालू मोटरचा करंट येत नाही, एसीवर कॉइलचा वेगळा अडथळा असतो. वॅटचंही तसंच, क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) ७ अँपिअर दिसला म्हणून १६१० वॅट लिहू नका, ते व्होल्ट-अँपिअर झाले, पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी जेवढा हिस्सा खरे वॅट असतो तो) ०.८ असेल तर वॅट होतात १२८८.

आय वर्ग आर हे परीक्षेत कमी आणि कामावर रोज लागतं. प्लगच्या टर्मिनलचा स्क्रू ढिला आहे, तिथं समजा अर्धा ओहम रेझिस्टन्स झाला. गीझरचा करंट ८.७, वर्ग केला की ७५ च्या वर, गुणिले अर्धा म्हणजे जवळजवळ ३८ वॅट. हे म्हणजे प्लगच्या आत एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं! पिवळे पडलेले, वितळलेले प्लग बघितले असतील ना, ते ह्याच्यामुळं. लोक लोडला दोष देतात आणि स्क्रू कोणी आवळत नाही.

पेपरात मिलीअँपिअर दिसला की आधी हजाराने भागून अँपिअर करा, मग सूत्रात टाका, निम्मे मार्क तिथंच जातात.

मोजताना क्लॅम्प मीटरमध्ये एकच वायर घ्यायची, फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतल्या की शून्य दाखवतो कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात. आणि मल्टीमीटरने करंट मोजून झाला की लाल लीड लगेच काढून व्होल्टच्या जॅकमध्ये लावा, दहा अँपिअरच्या जॅकमध्ये राहू देऊ नका. त्या जॅकमध्ये मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य असतो, तशीच लीड सॉकेटमध्ये घातली तर २३० भागिले जवळजवळ शून्य, करंट किती ते तुम्हीच काढा, आणि स्वस्तातल्या बऱ्याच मीटरला त्या जॅकवर फ्यूजसुद्धा नसतो.