एकच पेनड्राइव्ह, बूट मेनूत दोनदा

लॅपटॉपवर विंडोजशेजारी उबुंटू ही लिनक्स सिस्टिम पेनड्राइव्हवरून टाकली. इन्स्टॉल विनातक्रार पार पडलं, पण नंतर उबुंटू फक्त लेगसी मोडमध्ये (लॅपटॉप सुरू करायची जुनी पद्धत) सुरू होई आणि विंडोज फक्त यूईएफआयमध्ये (नवी पद्धत). प्रत्येक वेळी बायॉस सेटिंगमध्ये जाऊन मोड बदला! पण हे सुधारायला पुन्हा फॉरमॅट मारायची मुळीच गरज नव्हती.

घोळाचं कारण बूट मेनू (कशावरून सुरू व्हायचं, ते निवडायची यादी) नीट बघितल्यावर सापडलं. तिथे पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसत होतं: एकदा नुसतं, एकदा पुढे ‘यूईएफआय’ लावून. लॅपटॉपने आपणहून पहिलं उचललं, म्हणून उबुंटूचा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, जुन्या पद्धतीने बसला. विंडोज मात्र आधीपासून यूईएफआयवर.

आधी सेटिंगमध्ये सीएसएम, म्हणजे लेगसी सपोर्ट, बंद केला. पेनड्राइव्हची ‘यूईएफआय’वाली नोंद निवडून ‘ट्राय उबुंटू’मध्ये, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणाऱ्या उबुंटूत, शिरलो. मोड बरोबर आहे का, याची खात्री फाइल मॅनेजरमध्येच होते: ‘सिस’ (sys) फोल्डरमधल्या ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ दिसलं, की झालं. मग इंटरनेट जोडून बूट-रिपेअर हे बूटलोडर दुरुस्त करणारं टूल चालवलं. त्याने विंडोजचंच छोटं फॅट३२ ईएफआय पार्टिशन (डिस्कचा बूटलोडर ठेवायचा भाग) वापरून ग्रब, म्हणजे उबुंटूचा बूटलोडर, नव्याने बसवला. रीस्टार्ट केल्यावर दोन्ही सिस्टिम एकाच मेनूत हजर.

बूट-रिपेअरच्या आधी डेटाचा बॅकअप घ्याच. आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू व्हायची सोय) बंद करा, नाहीतर त्याचं पार्टिशन अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतं आणि उबुंटूतून त्यावर काही लिहिता येत नाही.