तरंगता कचरा काढायचं यंत्र बनवताय? आधी ओहोटी बघून या

कॉलेजांचे नवे वर्ग सुरू झाले की दरवर्षी काही मुलंमुली आमच्या गटाकडे येतात. "आम्हालाही समुद्रातला कचरा उचलणारं यंत्र करायचंय." मोबाइलमध्ये चित्र तयारच असतं: दोन तरंगते पाइप, मध्ये सरकता पट्टा, वर सोलर पॅनल. हे कुठल्या धक्क्यासाठी, असं विचारलं की उत्तर येत नाही. बाकीचं सगळं मात्र त्याच उत्तरावर ठरतं.

आम्ही मुंबईच्या पश्चिम बाजूला एका कोळीवाड्याच्या धक्क्यावर काम करतो. गटात डिप्लोमावाले आहेत, आयटीआयचे वेल्डर आहेत, झूलॉजीच्या दोघी आहेत, अकरावी-बारावीची मुलं आहेत. मी मेकॅनिकलची. पगार कुणालाच नाही, चहा मच्छीमार संस्थेच्या ऑफिसात मिळतो.

अशा यंत्रांच्या व्हिडिओंत दिसणाऱ्या मरीना आपल्याकडे जवळजवळ नाहीतच. कोचीला बोळगट्टीला एक आहे. मरीना म्हणजे भिंतींच्या आड शांत पाणी, तरंगते फलाट, फलाटावर विजेचा प्लग. भूमध्य समुद्राकाठी तर भरती-ओहोटीचा फरक नावापुरता. मुंबईत उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. खाडीकाठचे कितीतरी धक्के ओहोटीला कोरडे पडतात, होड्या चिखलात बसतात. तिथल्या यंत्राची जशीच्या तशी नक्कल इथे आणली, तर दिवसातून दोनदा ते चिखलात आडवं पडणार.

म्हणून पहिलं काम, धक्क्यावर जाऊन एक पूर्ण भरती आणि एक पूर्ण ओहोटी बघा. वेळ काढायला कोळीवाड्यात जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. थोडा फरक पडतो, नेमकी वेळ भरतीच्या कोष्टकात मिळते. पण नाखवा, म्हणजे होडीचे तांडेल, बोटांवर मोजून सांगतात तेव्हा कोष्टक काढायला लाज वाटते. उधाणाच्या दिवसांत एकदा जा, भांगाच्या, म्हणजे पाण्याची चढउतार कमी असते त्या, दिवसांत एकदा जा. कचरा कुठल्या कोपऱ्यात साठतो, वारा फिरला की कुठे सरकतो, नाल्यातून येतो की बाहेरून, हे कागदावर काढा. पाण्यात संत्र्याच्या साली टाकून त्यांच्यामागे काठाकाठाने चालत जा. साल जेमतेम पृष्ठभागावर राहते, वारा तिला फारसा ढकलत नाही, त्यामुळे प्रवाह कळतो. शेजारी बूच लावलेली रिकामी बाटली सोडली की वाऱ्याचा हिस्साही दिसतो.

मग मोजणी. ही कुणालाच आवडत नाही. ठरलेली जागा, भरतीची ठरलेली वेळ, तासाभरात हातजाळ्याने जे निघेल ते ताडपत्रीवर पसरायचं आणि प्रकारवारी करायची. आमच्याकडे दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, वेफरची पाकिटं, थर्माकोल, चपला, निर्माल्याने भरलेल्या पिशव्या आणि तुटक्या जाळ्यांचे गुंते निघतात. पावसाळ्यात वरून जलपर्णी येते आणि सगळा हिशोब बदलते, कारण तिच्यात बहुतेक पाणीच असतं. वजनाने पट्टा वाकतो आणि हाती प्लास्टिक मूठभर.

इथे थोडं पदार्थविज्ञान. गोड्या पाण्याची घनता एक धरली तर समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२५. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन एकपेक्षा हलकं, म्हणून पिशव्या आणि झाकणं तरंगतात. बाटलीचं पेट प्लास्टिक १.३८च्या आसपास, बूच असेपर्यंत आतल्या हवेमुळे बाटली वर, बूच गेलं की तळाशी. नायलॉनचं जाळंही बुडतं. तेव्हा पृष्ठभागावर फिरणारं कुठलंही यंत्र सगळा कचरा काढत नसतं, आणि पोस्टरवर तसं लिहूही नये.

आता जगातल्या दोन-तीन यंत्रांबद्दल, कारण नवी मुलं यांचीच नावं घेऊन येतात.

सीबिन हे ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू टर्टन आणि पीट सेग्लिन्स्की यांचं. २०१५ मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे केले. रचना सुटसुटीत: पाण्यात बुडवलेली बालदी, तिची कड पृष्ठभागाशी, तळाला पंप. पाणी कडेवरून आत पडतं, पिशवीत कचरा अडकतो, पाणी खालून बाहेर जातं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या मरीनात हे यंत्र तपासलं आणि २०२२ मध्ये निष्कर्ष छापले. दिवसाला सरासरी ५८ वस्तू सापडल्या, आणि कचऱ्याच्या दर ३.६ वस्तूंमागे एक सागरी जीवही. बाहेर काढेपर्यंत त्यांतले निम्मे मेलेले. फलाटावरून आणि बोटीतून माणसांनी जाळ्याने केलेली सफाई त्याहून परिणामकारक ठरली.

हा निकाल आमच्या गटात प्रत्येक नव्या मुलाला वाचायला लावतो. कुणी नाउमेद व्हावं म्हणून नाही. तुमच्या यंत्राची स्पर्धा कचऱ्याशी नसून बांबूला जाळं बांधून उभ्या असलेल्या माणसाशी आहे, हे आधी डोक्यात बसावं म्हणून. त्याच खर्चात, त्याच वेळात तुमचं यंत्र त्या माणसापेक्षा जास्त काढतं का? नसेल, तर त्या माणसाचं जाळं सुधारा. तेही डिझाइनच आहे. आणि झूलॉजीवाल्या मैत्रिणींना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. आमच्याकडे पिशवीत काय काय जिवंत आलं याची वही त्याच ठेवतात.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या बॉल्टिमोरचं, मला स्वतःला सगळ्यात आवडणारं. बंदरावरच काम करणाऱ्या जॉन केलेट यांना रोज कचरा दिसायचा, त्यातून कचरा उचलणारं एक पाणचाक निघालं. मे २०१४ पासून ते जोन्स फॉल्स नदीच्या मुखाशी बसलंय. 'मिस्टर ट्रॅश व्हील' असं नाव आणि वर दोन मोठे डोळे. तरंगते अडथळे कचरा तोंडाशी आणतात, प्रवाहाने पाणचक्की फिरते, तिच्यावर पट्टा चालतो, कचरा मागच्या तराफ्यावरच्या पेटीत पडतो. प्रवाह कमी असेल तेव्हा सौर ऊर्जेवरचे पंप चाकावर पाणी टाकतात. यातली अक्कल चाकात जितकी आहे, त्याहून जास्त जागेच्या निवडीत आहे. बंदरभर कचऱ्यामागे धावण्याऐवजी तो जिथून येतो त्या मुखाशी बसायचं. उल्हास नदी समुद्रात प्लास्टिक नेणाऱ्या जगातल्या अगदी वरच्या नद्यांमध्ये गणली गेली आहे, तेव्हा आपल्याकडे मुखांची कमी नाही. फक्त एक भेद लक्षात ठेवा: आपले नाले भरतीला उलटे वाहतात. एकाच दिशेचा अडथळा लावला तर ओहोटीला अडवलेला कचरा भरती परत आत घेऊन जाते.

नेदरलँड्सच्या बोयान स्लॅटचं नाव तर येतंच. अठराव्या वर्षी, २०१३ मध्ये, त्याने समुद्रातलं प्लास्टिक काढणारी 'द ओशन क्लीनअप' ही संस्था सुरू केली. २०१८ मध्ये प्रशांत महासागरात सोडलेल्या त्यांच्या पहिल्या मोठ्या यंत्रणेत प्लास्टिक टिकून राहत नव्हतं, शिवाय टोकाचा १८ मीटरचा भाग तुटला. हे त्यांनी स्वतः जगाला सांगितलं, पुढच्या वर्षी नद्यांसाठीची यंत्रंही समोर आणली. त्याचं भाषण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्या तुटण्याचा अहवाल कुणी उघडलेला नसतो.

आता अडथळ्याचा, म्हणजे बूमचा, हिशोब करून बघा. २० मीटर लांब, पाण्याखाली ३० सेंटिमीटर झालर. पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आडवं येत असेल, तर त्यावर सव्वाशे किलोच्या आसपास ओढ येते. वेग एक मीटर झाला की चौपट, पाचशेच्या घरात. वेग दुप्पट तर जोर चौपट, हे बारावीचं सूत्र; नांगर, दोर आणि कड्या त्यावर ठरवा. तेल अडवणाऱ्या बूमखालून आडव्या प्रवाहात ०.७ नॉटच्या (सेकंदाला साधारण ०.३६ मीटरच्या) पुढे तेल निसटायला लागतं, कचराही झालरीखालून असाच जातो. म्हणून बूम कधी सरळ आडवा लावत नाहीत. तिरका लावतात, कचरा घसरत एका कोपऱ्यात येतो, आणि उचलायचं साधन त्या कोपऱ्यात.

सामानाचं थोडक्यात: साधं लोखंड रंगवूनही खाऱ्या हवेत गंजतं. अ‍ॅल्युमिनियमला स्टेनलेसचे बोल्ट लावले की दोन धातूंमुळे अ‍ॅल्युमिनियम झिजतं, मध्ये प्लास्टिकचा वॉशर घाला. पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होतं. एचडीपीईचे (टणक पॉलिथीनचे) पाइप आणि निळी पिंपं उत्तम. दोनशे लिटरचं पिंप पूर्ण बुडवलं तर दोनशे किलोंच्या वर भार पेलतं, पण त्याच्या अर्ध्यावरच हिशोब थांबवा. कारण महिन्याभरात शेवाळ आणि बार्नेकल (घट्ट चिकटणारे कवचाचे जीव) बसतात, ते वजन तुम्ही धरलेलं नसतं.

कचरा पकडणं सोपं, उपसणं अवघड. हे वाक्य आमच्या गटात इतक्या वेळा म्हटलं जातं की नवी मुलं वैतागतात. ओली, गाळ भरलेली पिशवी पाण्यातून दीड मीटर वर कोण उचलणार? ओहोटीला तीच उंची पाच मीटर होते. पुढे ती कुठे जाणार? खारट, चिखलाने माखलेलं प्लास्टिक भंगारवाला घेत नाही. धुतलेल्या बाटल्या घेतो, वेफरची पाकिटं मुळीच नाही. पालिकेच्या वॉर्डाशी गाडीचं ठरल्याशिवाय पहिली पिशवी काढूच नका, नाहीतर धक्क्यावर दुर्गंधीचा ढीग होईल आणि मासळी उतरवणाऱ्या मावश्या तुम्हाला योग्य शब्दांत निरोप देतील.

परवानगी मच्छीमार संस्थेपासून सुरू होते, जागेनुसार मेरीटाइम बोर्ड किंवा पोर्टापर्यंत जाते. कांदळवनात खांब ठोकणं, फांदी तोडणं विसरा. उच्च न्यायालयाचे आदेश आहेत आणि कांदळवन कक्ष लक्ष ठेवतो. पाण्यात उतरायचं नाही. लाइफ जॅकेट, जाड हातमोजे, धनुर्वाताची सुई. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर घरी बसा, लेप्टो (घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) गंमत नाही. अठराखालच्यांना पालकांची सही.

करिअरचं विचाराल तर नौकास्थापत्य आणि सागरी अभियांत्रिकी खरगपूर आणि मद्रासच्या आयआयटींत आहे, कोचीच्या विद्यापीठात जहाजबांधणी. जीवशास्त्राकडून येणाऱ्यांना वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था, गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. आमच्यातल्या ज्यांना नोकऱ्या लागल्या, त्यांना मुलाखतीत यंत्राच्या फोटोपेक्षा मोजणीच्या वहीवर जास्त प्रश्न आले. प्रमाणपत्राच्या आशेने येणारे परीक्षा जवळ आली की गळतात, त्यामुळे यंत्र कुणाच्या हाती राहणार हे डिझाइन करतानाच ठरवावं लागतं.

आमचं सध्या सगळ्यात जास्त वापरलं जाणारं अवजार यंत्र म्हणावं असं नाहीच. एचडीपीईचे दोन पाइप, मध्ये जाळं, छोट्या होडीच्या पुढे बांधून ढकलायचं आणि एकट्याने उलटं करून रिकामं करायचं. दांडा आम्ही अ‍ॅल्युमिनियमचा दिला होता. खलाशांनी तो काढून बांबू लावला: तुटला तर काठावर दुसरा मिळतो, हातातून सुटला तर तरंगतो. आता आमच्या ड्रॉइंगमध्येही तिथे बांबूच लिहिलाय, आणि जाडीच्या रकान्यात 'नाखवा सांगतील ती'.