आत्याच्या ओव्या उतरवून घ्यायच्या असतील तर

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवायची. आता निवृत्त आहे. जुने विद्यार्थी दिवाळीला गावी आले की घरी येतात आणि कोणीतरी विचारतंच, "बाई, आजीच्या ओव्या रेकॉर्ड करायच्यात, कसं करू?" आजी असो, आत्या असो, पद्धत तीच.

आधी जातं शोधा. परसात नाहीतर गोठ्याच्या कडेला पडलेलं असतं. धुऊन वाळवा, खुंटा सैल असेल तर पाचर ठोका. जात्याच्या दगडाला टाकी लावणारं (छिन्नीने खाचा पाडणारं) कोणी मिळालं तर उत्तमच, नाहीतर पीठ जाडंभरडं येईल, येऊ दे. पण दळण खरं हवं. रिकामं जातं फिरवायला जुन्या बायका राजी नसतात, आणि त्यांना खुर्चीत बसवून "म्हणा" म्हटलंत तर दोन ओव्यांनंतर "आता काय आठवंना बाई" ऐकून परत याल. खुंटा हातात आला, मूठभर ज्वारी वैरली, की "पहिली माझी ओवी" आपोआप येते. समोर बसायला दुसरी बाई हवीच, जाऊबाई असली तर सोन्याहून पिवळं.

फोन फ्लाइट मोडवर टाका आणि पंखा बंद करा. फोन जमिनीवर ठेवू नका, जात्याची घरघर फरशीतून थेट माइकमध्ये शिरते. गोधडीची घडी करून तिच्यावर, दगडापासून लांब आणि गाणारीच्या तोंडाजवळ ठेवा.

आता वही काढा. ज्वारी आधी किलोत तोला, कारण पायलीचं माप गावागणिक बदलतं. अर्ध्या तासाने पीठ तोला. गाणारीची नाडी सुरुवातीला आणि मध्ये एकदा मोजा. मग स्वतः दहा मिनिटं दळा आणि स्वतःचीही मोजा. पोरं इथे हसतात, मग हसणं थांबतं. घरी रेकॉर्डिंग ऐकताना एका ओवीत जात्याचे किती फेरे होतात, श्वास कुठे घेतला जातो, ते मोजा. ओळ कुठे तुटते याचं उत्तर बहुतेक वेळा छंदशास्त्राआधी फुफ्फुसात सापडतं.

हे कशासाठी? एक जुनी ओवी तुम्हाला हमखास मिळेल, "जात्या ईसवरा, नको मला जड जाऊ." पुढे ती म्हणते की इथे माझ्या आईच्या दुधाची परीक्षा आहे, सया, म्हणजे मैत्रिणी, बघताहेत. नुसती ऐकली तर भाविक वाटते. नाडीचा आकडा शेजारी लिहिलात की कळतं, ही बाई दगडाला खरोखरच विनवते आहे, आणि थकव्याची लाज माहेरपर्यंत जाईल याची तिला धास्ती आहे. धास्तीचा भाग नाडीत येत नाही, तो ओवीतूनच घ्यावा लागतो. आणि दोघी का? ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी २०१० साली वल्हवणाऱ्या खेळाडूंवर प्रयोग केला. तेवढेच श्रम एकट्याने करण्यापेक्षा एका लयीत मिळून केले तर वेदना सोसण्याची मर्यादा वाढलेली दिसली. आमच्या बायकांनी हे प्रयोगशाळेविना केलं, असं म्हणून छाती फुगवू नका. एका खुंट्याला चार हात लागले की भारही वाटला जातो, तो वेगळा मोजायला हवा.

सगळ्यात जास्त वेळ वंशावळीला द्या. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन समांतर रेघा. वंशावळी गोळा करून समाज अभ्यासायची पद्धत रूढ करणारे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स मूळचे डॉक्टर. १८९८ मध्ये टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेले, पुढे निलगिरीतल्या तोडा जमातीचा अभ्यास केला, आणि पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडच्या इस्पितळात सीगफ्रीड ससून या कवीवर उपचार केले. आपल्याकडे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे. बर्लिनमध्ये कवट्या मोजून डॉक्टरेट मिळवली, डेक्कन कॉलेजात असताना १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवर ग्रंथ काढला, आणि वारीत चालून त्यावर मराठीत लेख लिहिला. मोजणं आणि लिहिणं ही दोन्ही कामं कर्वेबाईंनी एकाच डोक्याने केली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

वंशावळ काढून झाली की तिच्या शेजारी ओव्या मांडा. माझ्या आत्याच्या ओव्यांत निम्म्याहून जास्त भाऊच. भाऊ येतो, घोड्यावरून येतो, चोळी आणतो, आणि बहीण त्याच्याकडे त्याची लेक सून म्हणून मागते. आमच्याकडे बऱ्याच जातींत भावाची मुलगी सून करून आणायची रीत होती, वंशावळीत ती लगेच दिसते. मी वर्गात शिकवताना अशा लग्नाच्या मुलांचा अंतःप्रजनन गुणांक (आईबापांकडून एकाच पूर्वजाचं तेच जनुक दोनदा मिळण्याची शक्यता) १/१६ येतो एवढं सांगायची आणि धोका समजावायची. ते खरंच आहे, आजही सांगेन. पण ओवी ऐकल्यावर दिसतं की मागणी करणारी बाई माहेरचा तुटलेला धागा स्वतःच्या घरात आणू पाहते. तिला जमिनीत वाटा नव्हता, निदान भाची तरी मिळावी. हे ध्यानात न घेता रक्तातल्या लग्नांविरुद्ध भाषण दिलं तर बायका मान डोलावतात आणि आपल्याला हवं तेच करतात.

तपासायची आणखी एक जागा आहे. आमच्या गल्लीतल्या एका मावशींना भाऊ नव्हता. त्यांच्या वर्तुळाच्या शेजारी भावाचा त्रिकोण नाही, तरी त्या भावाच्याच ओव्या गात. म्हणून ओवीला आत्मचरित्र समजू नका. प्रत्येक ओवीला विचारा, "ही कोणाची?" उत्तर बहुधा "आईची" किंवा "नणंदेची" येतं. मग विचारा, "तुम्ही हीच का धरली?" आणि गप्प बसा. मावशी म्हणाल्या, "नसलेला भाऊ कधी भांडत नाही."

काळ ठरवायला खुणा शोधा. मानमोडी आली असेल तर १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि खडी फोडणं असेल तर बहुधा १९७२ चा दुष्काळ. बाबासाहेबांच्या दीक्षेची ओवी १९५६ नंतरची. खूण नसेल तर साल लिहू नका. अशी शिस्त पाळून केलेलं मोठं काम बघायचं तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांचा संग्रह बघा. महाराष्ट्रभरातल्या एक लाखाहून जास्त ओव्या त्यात आहेत, आणि त्या गाणारीच्या नावागावासह ठेवल्या आहेत. "लोकगीत, अनामिक" असं लिहून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो.

तुम्हीही फाइलला नाव, गाव, तारीख द्या आणि ओवी तिच्या उच्चारात लिहा. "म्हनं"चं "म्हणे" करू नका. घरातला पुरुष आत आला की ओव्या बदलतात, ती वेळ नोंदवा. सासूवरची चीड असलेली ओवी सूनबाई ऐकवते तेव्हा विचारून घ्या, ठेवू की पुसू? पुस म्हणाली तर तिच्यासमोरच पुसा आणि रिसायकल बिनही रिकामी करून दाखवा.