संगणकावर वंशावळ कशी बांधावी: फेरफार, निर्गम उतारा आणि ग्रॅम्प्स

ठाणे-नवी मुंबईत वंशावळ बहुतेकदा कामासाठी लागते. जात पडताळणीचा अर्ज, सातबाऱ्यावरची वारस नोंद, सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतला (संपादित जमिनीच्या बदल्यात भूखंड देणाऱ्या) वारसांचा दावा, नाहीतर भावकीतली वाटणी. कागदावर हाताने काढलेली वंशावळ तीन पिढ्या नीट चालते. चौथ्या पिढीत एकाच नावाचे दोन पुरुष निघतात, कुणाच्या दोन बायका असतात, कुणी दत्तक गेलेला असतो, आणि कोणतं नातं कशावरून लिहिलं होतं हे कुणालाच आठवत नाही. सॉफ्टवेअरचा खरा उपयोग इथे होतो. झाड सुंदर दिसणं हा वरचा फायदा. प्रत्येक नात्याला त्याचा कागद जोडून ठेवता येतो, हे महत्त्वाचं.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं

आमची शिफारस ग्रॅम्प्सची. ते मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, आणि सगळी माहिती तुमच्याच संगणकावर राहते. जमिनीचे आणि जातीचे कागद हाताळताना ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. मायहेरिटेजचं फॅमिली ट्री बिल्डर सुरुवातीला सोपं वाटतं, पण ते ऑनलाइन खात्याशी जोडलेलं असतं. फॅमिलीसर्चवर सगळ्या जगाचं मिळून एकच झाड आहे. तिथे तुमच्या मृत पूर्वजांची नोंद दुसरं कुणीही बदलू शकतं, म्हणून ते शोधायला वापरा, मूळ प्रत तिथे ठेवू नका.

पुढच्या पायऱ्या ग्रॅम्प्स धरून लिहिल्या आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये बटणांची नावं बदलतील, पद्धत तीच राहील.

पहिलं नाव भरण्याआधी ठरवायच्या तीन गोष्टी

लिपी एकच ठरवा. मुख्य नाव देवनागरीत लिहा आणि रोमन स्पेलिंग ‘पर्यायी नाव’ म्हणून जोडा. अर्धी नावं देवनागरीत आणि अर्धी रोमनमध्ये असली की शोध लागत नाही, आणि एकच माणूस दोनदा भरला जातो.

वडिलांचं नाव ‘दिलेलं नाव’ या रकान्यात घालू नका. ‘हिरू धर्मा म्हात्रे’ असं कागदात दिसलं की हिरू ही एक व्यक्ती आणि धर्मा ही दुसरी व्यक्ती, अशा दोन नोंदी करा. धर्माबद्दल दुसरं काहीच ठाऊक नसलं तरी करा. मराठी नावात एक पिढी फुकट मिळते, ती सोडू नये.

बाईचं मुख्य नाव माहेरचं. सासरचं नाव आणि आडनाव ‘विवाहानंतरचं नाव’ या प्रकारात पर्यायी म्हणून टाका. लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर हाच मार्ग. माहेरचं आडनाव माहीत नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा. तिथे नवऱ्याचं आडनाव टाकलं की पुढे तिचं माहेर कुणी शोधतच नाही, कारण रकाना भरलेला दिसतो. वंशावळीतल्या निम्म्या पूर्वजांचा माग इथेच तुटतो.

आगरी-कोळी गावांत आणखी एक अडचण असते. अख्ख्या गावात पाटील, म्हात्रे, भोईर, ठाकूर अशी मोजकीच आडनावं असतात. घराण्याला गावात ज्या नावाने ओळखतात ते ‘टोपणनाव’ किंवा ‘उर्फ’ म्हणून प्रत्येक व्यक्तीला जोडा. ते कागदावर नसतं, पण म्हातारी माणसं तेच सांगतात. ‘पाटील’ आडनावाच्या बाबतीत जुन्या कागदात वेगळं आडनाव दिसलं तर चकित होऊ नका. पाटीलकी आली तेव्हा आडनाव बदललेलं असू शकतं. दोन्ही ठेवा.

माणूस नव्हे, आधी कागद भरा

बहुतेक जण आजोबांपासून सुरू करून आठवेल तशी नावं भरत जातात. त्यापेक्षा हातात एक कागद घ्या आणि तो पूर्ण संपवा. उदाहरणादाखल १९३४ सालचा एक वारस फेरफार घेऊ, म्हणजे खातेदार मेल्यावर जमिनीवर वारसांची नावं चढवल्याची नोंद. त्यात असं असतं: ‘खातेदार धर्मा बिन गोमा म्हात्रे मयत. वारस १) हिरू धर्मा २) पांडू धर्मा, अ.पा.क. आई काशीबाई कोम धर्मा.’

१. आधी ‘भांडार’ तयार करा, म्हणजे कागद जिथे आहे ती जागा: तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष.

२. मग ‘स्रोत’: मौजे अमुक, फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६. एका गावाच्या एका नोंदवहीला एकच स्रोत ठेवा.

३. मग ‘सायटेशन’, म्हणजे त्या स्रोतातली नेमकी नोंद: फेरफार क्रमांक, नोंदीची तारीख, मंजुरीची तारीख. विश्वासार्हतेची पातळी निवडा. मृत्यूनंतर लगेच झालेली नोंद ‘उच्च’, वीस वर्षांनी केलेली ‘सामान्य’.

४. कागदाचा ३०० डीपीआयचा स्कॅन जोडा. फाइलचं नाव रोमन अक्षरं आणि अंकांत ठेवा, साल आधी. देवनागरी फाइलनावं झिपमधून दुसऱ्या संगणकावर उघडताना कधीकधी बिघडतात.

५. टिपणात मजकूर जसाच्या तसा उतरवा, चुकांसकट. ‘म्हातरे’ लिहिलं असेल तर ‘म्हातरे’च.

६. आता माणसं भरा, आणि सायटेशन ग्रॅम्प्सच्या क्लिपबोर्डवर ठेवून प्रत्येक व्यक्तीला, प्रत्येक घटनेला ओढून जोडा.

या दीड ओळीतून किती निघतं पाहा. ‘बिन’ म्हणजे मुलगा, म्हणून गोमा ही धर्माच्या वरची पिढी मिळाली. ‘कोम’ म्हणजे बायको. काही कागदांत ‘भ्रतार’ किंवा ‘मर्द’ लिहून पुढे नवऱ्याचं नाव असतं. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अर्थात पांडू तेव्हा अठरा वर्षांखालचा. त्याच्या जन्माच्या रकान्यात ‘१९१६ नंतर’ असं लिहिता येतं, आणि ते अंदाजापेक्षा कितीतरी भक्कम आहे. हिरूला पालक लावलेला नाही, म्हणून तो सज्ञान धरावा.

कागदात जे नाही तेही नीट वाचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या फेरफारात मुलींची नावं बहुधा नसतात. नाव नाही म्हणजे मुलगी नव्हती, असा अर्थ काढू नका. तसंच नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंब मॅनेजर, साधारणपणे थोरला भाऊ. धाकटे भाऊ त्याच्या नावाआड दडलेले असतात. सॉफ्टवेअरमध्ये अशा कुटुंबाला ‘भावंडं तपासणे बाकी’ असा टॅग लावा.

कोणते कागद कुठे मिळतात ते थोडक्यात. जुने सातबारे आणि फेरफार तहसील कार्यालयात मिळतात. त्यातले स्कॅन झालेले ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर शोधा. खेड्यातले जुने जन्ममृत्यू गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात. शाळेचा दाखल-खारीज रजिस्टरातला निर्गम उतारा. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चचं बाप्तिस्मा रजिस्टर. अनेक जुन्या नोंदी मोडीत आहेत. मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या आणि स्कॅन व लिप्यंतर एकाच सायटेशनला जोडा. वाचकाचं नाव टिपणात लिहून ठेवा, कारण वाचनही चुकू शकतं.

तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्री यजमानांच्या पिढ्या नोंदवणाऱ्या पुरोहितांच्या वह्या हा वेगळाच खजिना आहे. हरिद्वारच्या वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्चवर आहेत, पण मराठी घरांनी आधी नाशिक आणि त्र्यंबकेश्वर गाठावं. जाताना मूळ गाव आणि आडनाव दोन्ही नक्की ठाऊक हवं. नेरूळ किंवा कळवा सांगून काही मिळणार नाही, पाटण किंवा गुहागर सांगावं लागेल. परवानगी घेऊन पानाचा फोटो घ्या. ज्याने स्वतः सही केली त्याच्या मुला-भावांची माहिती भरवशाची. त्याने सांगितलेली पणजोबांची नावं ऐकीव, म्हणून त्यांची विश्वासार्हता एक पातळी खाली ठेवा.

तारखा

शाळेच्या दाखल्यावरची १ जून ही तारीख खरी धरू नका. वय अंदाजे धरून गुरुजींनी ती तारीख टाकण्याची सर्रास पद्धत होती. नोंद करा, पण तारखेचा दर्जा ‘अंदाजित’ ठेवा.

शके वर्षासाठी ग्रॅम्प्समध्ये पंचांग नाही. शके अधिक ७८ म्हणजे इसवी सन. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत अधिक ७९. शके १८४० चा वैशाख १९१८ मध्ये येतो, त्याच शकाचा माघ १९१९ मध्ये. रूपांतरित साल तारखेत टाका आणि मूळ शके, मास, तिथी तारखेच्या मजकूर-टिपेत लिहा. मूळ पुसलं तर एका वर्षाची चूक पुढे कधीच पकडता येत नाही.

ठिकाणं: इथे सगळ्यात जास्त चुका होतात

आपल्या भागात गाव तेच राहिलं आणि जिल्हा बदलला. वसई, वाडा, डहाणू, जव्हार हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, मग पालघर जिल्ह्यात गेले. पनवेल आणि उरणच्या जुन्या कागदांवर ‘कुलाबा जिल्हा’ असतो. तो १९८१ पासून रायगड. जुन्या कागदात ‘तालुका साष्टी’ दिसला तर तो ठाण्याचा परिसर. १९२० मध्ये त्यातूनच मुंबई उपनगर जिल्हा काढला. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ पासून, तेव्हा १९५० साली कुणी ‘नवी मुंबईत’ जन्मलं असं झाडात दिसता कामा नये. जन्म घणसोलीचा, तालुका ठाणे.

ग्रॅम्प्समध्ये ठिकाण उतरंडीने भरता येतं: गाव, तालुका, जिल्हा, राज्य. गावाला दोन ‘वरची ठिकाणं’ जोडून प्रत्येकाला तारखा द्या. एकदा केलं की कोणत्याही वर्षाच्या घटनेपुढे त्या काळचा जिल्हा आपोआप येतो. नकाशावर ठिकाण आपोआप शोधणाऱ्या सॉफ्टवेअरवर लक्ष ठेवा. ते ‘कुलाबा’ पाहून उरणचं घर थेट दक्षिण मुंबईत नेऊन ठेवतं. बेलापूरही दोन आहेत, एक इथलं आणि एक श्रीरामपूरजवळचं. अक्षांश-रेखांश स्वतः तपासून टाका.

दत्तक, दुसरं लग्न, मामाची मुलगी

दत्तक मुलाला दोन्ही कुटुंबांत मूल म्हणून जोडा आणि नात्याचा प्रकार एकीकडे ‘जन्म’, दुसरीकडे ‘दत्तक’ निवडा. दत्तकपत्राचं सायटेशन दुसऱ्या नात्यालाच लावा. जन्माचं कुटुंब गाळलं तर जात पडताळणीत रक्तनात्याचा पुरावा जुळत नाही.

दोन बायका असतील तर दोन स्वतंत्र कुटुंबं तयार करा. कोणतं मूल कुणाचं हे माहीत नसेल तर ते पहिल्या बायकोखाली ढकलू नका. आई अज्ञात असलेलं तिसरं कुटुंब करा आणि पुरावा मिळाल्यावर हलवा.

मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल तर ती झाडात आधीच असते. नवी व्यक्ती न भरता यादीतून तिलाच निवडा. नाहीतर तिच्या आईवडिलांसकट सगळी शाखा दोनदा उगवते.

तपासणी

दर पन्नासेक नोंदींनंतर साधनांच्या मेनूतून ‘व्हेरिफाय द डेटा’ चालवा. आधी मर्यादा बदला. बालविवाह रोखणारा शारदा कायदा १९२९ चा. त्याआधी मुलींची लग्नं दहा-बारा वर्षांची असताना होत. लग्नाच्या किमान वयाची मर्यादा १० वर आणली नाही तर खऱ्या चुका इशाऱ्यांच्या ढिगात हरवतात. बाळंतपणाचं किमान वय १३ ठेवा, पण कमाल वय ५० च्या वर नेऊ नका. तिथे आलेला इशारा बहुधा खरा असतो: मधली एक पिढी गळलेली असते.

पिढी गळण्याचं मुख्य कारण आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची आपली रीत. गोमा धर्मा आणि धर्मा गोमा आलटून पालटून येतात. ‘संभाव्य दुबार व्यक्ती’ हे साधन त्यांना एकच समजून जोडायला सुचवेल. नुसतं नाव जुळलं म्हणून जोडू नका. नाव, वडिलांचं नाव आणि तिसरी एखादी गोष्ट जुळायला हवी: गट नंबर, बायकोचं नाव किंवा मृत्यूचं साल. जोडण्याआधी बॅकअप घ्या, कारण जोडलेली माणसं नंतर वेगळी करणं किचकट असतं.

जतन करणं आणि वाटणं

बॅकअप दोन प्रकारचे घ्या. फोटो-स्कॅनसकट ग्रॅम्प्सचं स्वतःचं पॅकेज, आणि त्याशिवाय जेडकॉम फाइल, जी जवळजवळ प्रत्येक वंशावळ सॉफ्टवेअर वाचतं. जेडकॉमचा साचा यूटीएफ-८ मध्ये असल्याची खात्री करा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन येतील. नेहमीच्या जेडकॉममध्ये स्कॅन येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात. पॅकेज पेनड्राइव्हवर नेऊन दुसऱ्या संगणकावर एकदा प्रत्यक्ष उघडून पाहा.

छापताना नोटो सान्स देवनागरीसारखा युनिकोड फॉन्ट निवडा आणि ‘म्हात्रे’, ‘ज्ञानेश्वर’ यांतली जोडाक्षरं पानावर तपासा. प्रतिज्ञापत्रासाठी अख्खं झाड देऊ नका. अर्जदारापासून ज्या पूर्वजाचा पुरावा आहे त्याच्यापर्यंतची ओळ आणि त्या ओळीतली भावंडं, एवढंच गाळणी लावून काढा. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पाहिला जातो, म्हणून त्याआधीचा कागद असलेली व्यक्ती त्या ओळीत असलीच पाहिजे. प्रत्येक नावापुढे कागदाचा क्रमांक छापा. मुलींची नावंही राहू द्या. लग्नानंतरही त्यांना स्वतःच्या जातीसाठी माहेरचाच पुरावा लागतो.

भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवायची प्रत वेगळी काढा. निर्यातीच्या खिडकीत हयात व्यक्ती वगळण्याचा आणि ‘खाजगी’ नोंदी गाळण्याचा पर्याय असतो, दोन्ही निवडा. आधार क्रमांक, बँकेचा तपशील किंवा हयात माणसांची पूर्ण जन्मतारीख झाडात भरायचीच नाही. पाठवताना सोबत विचारा: कुणाच्या नावापुढे टॅग दिसतोय, त्याचा कागद कुणाच्या घरी पेटीत आहे का? लग्नपत्रिका, उत्तरकार्याची पत्रिका, जुनं रेशनकार्ड, खंडाची पावती, काहीही चालेल. आलेला प्रत्येक कागद वरच्या सहा पायऱ्यांनीच आत घ्या.