उठावाच्या कोरीवकामाचं फिनिशिंग: या चुका टाळा

उठावाचं काम, म्हणजे लाकडाच्या सपाट फळीतून वर उठून दिसणारी नक्षी, डोळ्यात भरतं ते सावल्यांमुळे. त्या मारून टाकणारं फिनिश, ही सगळ्यात मोठी चूक. चकचकीत पॉलियुरेथेनचे (एक प्रकारचं वॉर्निश) जाड हात दिले की ते खोबणींत साचतं, पाकळ्यांच्या कडा बोथट दिसतात आणि प्रत्येक उंचवट्यावर दिवा चमकतो. मॅट (बिनचमकीचं) किंवा सॅटिन (मंद चमकीचं) घ्या, हात पातळ ठेवा, कोपऱ्यात साचलेलं कोरड्या ब्रशने लगेच टिपा. उठाव जितका उथळ, तितकी चमक कमी हवी.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे स्टेन (लाकडात मुरणारा रंग) डागाळतो. पटाशी वळणावरून फिरली की लाकडाच्या रेषांची तोंडं उघडी पडतात आणि तिथे रंग भसाभस शोषला जातो. मग सपाट भाग फिका आणि कोरलेल्या चेहऱ्याच्या गालाचा उतार काळपट! पाइन, बासवूडसारख्या लाकडात हे हमखास होतं. म्हणून आधी चपड्याचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख) पातळ हात द्या. लिटरभर स्पिरिटला साधारण १२० ग्रॅम चपडा पुरे. तो वाळला की वर जेल स्टेन (दाट, कमी मुरणारा स्टेन). खोलगट भाग गडद हवे असतील तर त्याच चपड्यावर तेलातलं गडद ग्लेझ (पारदर्शक रंगाचा थर) लावून उंच भागांवरून पुसून काढा. स्पिरिटमधला रंग मात्र नको, खालचा चपडा विरघळतो.

चाचणी सपाट तुकड्यावर घेऊ नका, ती फसवते. त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर चार वळणदार काप घ्या आणि त्यावर सगळे हात क्रमाने देऊन बघा.

पॉलिशपेपरचा मोह आवरा. हत्याराचा स्वच्छ काप घासला की कडा जातात आणि भुकटी खोबणींत बसते. पेन्सिलच्या रेघा आणि गोंदाचे डाग फिनिशआधीच काढा. गोंदावर स्टेन धरत नाही.

मेण कोपऱ्यात पांढरं दिसतंय? हेअर ड्रायरने जरा ऊब द्या आणि मऊ ब्रशने काढा. जवसाचं तेल चिकट राहिलंय? जास्तीचं पुसलं गेलं नाही. टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसून घ्या आणि वाळायला वेळ द्या. या तेलाच्या चिंध्यांचा बोळा कधीही टाकून ठेवू नका: तेल वाळताना उष्णता तयार होते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.