‘क्विक ऑन द अपटेक’ वापरताय? या चुका टाळा

परवा एक नोकरीचा अर्ज तपासायला आला. त्यात वाक्य होतं, ‘आय ॲम क्विकली ऑन द इनटेक.’ म्हणायचं होतं, सांगितलेलं मला पटकन कळतं. वाचणाऱ्याला वाटावं, पंगतीत हा पहिला बसतो!

शब्द ‘अपटेक’ आहे. ‘इनटेक’ म्हणजे आत घेतलेलं : अन्नपाणी, नाहीतर कॉलेजात त्या वर्षी घेतलेली मुलं. आणि ‘क्विक’ला ‘ली’ लागत नाही, कारण इथे ते माणसाचं विशेषण आहे.

हा ‘अपटेक’ स्कॉटलंडचा. तिकडच्या बोलीत ‘वर उचलणं’ म्हणजेच समजणं. तल्लख माणसाला ‘ग्लेग’ म्हणत. वॉल्टर स्कॉटच्या १८१६ सालच्या ‘ओल्ड मॉर्टॅलिटी’ या कादंबरीत ‘ग्लेग’ आणि ‘अपटेक’ ही जोडी भेटते. पुढे ग्लेगच्या जागी क्विक आला. आपल्याला यात नवल वाटू नये. ‘ग्रहणशक्ती’तलं ग्रहण म्हणजे तरी काय, घेणंच. कुणी ‘इन द अपटेक’ लिहिलं तर मात्र लगेच लाल रेघ मारू नका. तेही जुनं, चालतं रूप आहे. आज ‘ऑन’ जास्त दिसतं, इतकंच.

बातमीत ‘व्हॅक्सीन अपटेक’ आलं, तर तिथे समजुतीचा काही संबंध नाही. किती जणांनी लस घेतली, एवढाच अर्थ. ‘क्विक ऑन द ड्रॉ’ही वेगळं : ते पिस्तूल उपसण्यावरून आलंय, म्हणजे झटकन प्रत्युत्तर देणारा. कळलं नसलं तरी देणारा!

उलट बाजूला ‘स्लो ऑन द अपटेक’. याचं ‘मतिमंद’ असं भाषांतर मी वाचलंय. अगदी चूक, आणि वाईटही. आपला ‘ट्यूबलाइट’ इथे चपखल बसतो. चोक-स्टार्टरची जुनी ट्यूब बटण दाबल्यावर दोन-तीनदा लुकलुकते आणि मग पेटते. या माणसाला कळतं, पण उशिरा.

साहेबांना मात्र ‘यू आर क्विक ऑन द अपटेक’ म्हणू नका. मास्तरांनी पोराची पाठ थोपटल्यासारखं वाटतं. स्वतःबद्दलही नको, ही तारीफ दुसऱ्याने केलेली बरी. त्या अर्जात मी सरळ ‘आय लर्न क्विकली’ केलं. त्याचा ‘ली’ही वाया गेला नाही.